किड्यांचं पार्सल फॉरेन पोस्टात का थांबतं

प्रश्न थोडक्यात असा. कुडाळ तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराला किड्यांचा नाद आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पडवीतल्या दिव्यावर येणारे भुंगेरे आणि पतंग तो जमवतो, सुकवतो, नीट ठेवतो. जर्मनीतल्या एका संग्राहकाशी त्याची ओळख झाली. त्याने काही पैसे आगाऊ पाठवले आणि याने चाळीसेक नमुने कागदाच्या त्रिकोणी पुड्यांत घालून कुडाळहून स्पीड पोस्टाने रवाना केले. घोषणापत्रावर लिहिलं, ‘हस्तकलेचं सुकं साहित्य, भेट’. आता सहा आठवडे झाले, पार्सल मुंबईत कस्टम्सकडे आहे एवढंच ट्रॅकिंगवर दिसतं. मित्राचा सल्ला असा की पुढच्या खेपेला गोव्यातून पाठव, नाहीतर मासिकाच्या पानांत दाबून साध्या पाकिटातून पाठव. पार्सल सोडवायचं कसं, पुढे उशीर टाळायचा कसा आणि आगाऊ आलेल्या पैशांचं काय करायचं, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

आधी कडू ते सांगते. तुमचं पार्सल रांगेत नाही. रांगेतलं पार्सल काही दिवसांत पुढे सरकतं. इतके आठवडे एका जागी राहिलेलं पार्सल बहुधा कुणीतरी उघडलेलं असतं, कागदावर एक आणि आत दुसरंच असं दिसलेलं असतं, आणि ते बाजूला काढून त्याच्या नावाने फाईल सुरू झालेली असते. तेव्हा लवकर सोडवायचं कसं हे विसरा. नोटीस आली तर उत्तर काय द्यायचं, त्याची तयारी करा.

मी बरीच वर्षं एका संस्थेच्या कीटकसंग्रहात काम केलं. परदेशी तज्ज्ञांकडे नमुने अभ्यासाला पाठवणं, त्यांचे परत मागवणं, कस्टम्सची पत्रं, परवान्यांचे अर्ज, सगळं माझ्या टेबलावर असायचं. त्या कामातून एक गोष्ट पक्की कळली. कस्टम्समधला उशीर कस्टम्समध्ये तयार होत नाही. तो पार्सल बुक होण्याआधीच ठरलेला असतो. किडा कुठून आणला, कुणाच्या परवानगीने आणला आणि कुणाला कशासाठी पाठवताय, या तीन प्रश्नांची उत्तरं पेटीबरोबर कागदावर गेली नाहीत, तर ती शोधण्याचं काम मुंबईतल्या अधिकाऱ्यावर पडतं. तो त्याच्या गतीने ते करतो.

आत काय होतं ते सांगते. अधिकारी पेटी उघडतो. त्याला भुंगेरा आणि झुरळ यांतला फरक कळेल, पण हा भुंगेरा कायद्याच्या सूचीतला आहे की नाही हे कळणार नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. मग वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला कळवलं जातं. निर्यात होणाऱ्या मालात वन्यजीव आहेत का, हे तपासायला कस्टम्सला मदत करणं हे त्या ब्युरोचं कामच आहे. तिथूनही नक्की ओळख पटली नाही तर नमुना तज्ज्ञाकडे जातो. तज्ज्ञाच्या टेबलावर आधीच्या पेट्या असतात. कुणी मुद्दाम अडवत नाही, पण प्रत्येक पायरीला एक पत्र जातं आणि एक पत्र येतं. त्यात पंख तुटलेला, टाचणी नसलेला, लेबल नसलेला पतंग असेल तर ओळख पटवणं आणखी कठीण. तुमच्या पुड्यांवर गाव आणि तारीख तरी लिहिली होती का, हे तुम्ही सांगितलेलं नाही.

आता कायदा. तीन वेगवेगळे कायदे एकाच पाकिटावर येऊन बसतात, आणि लोक त्यातला एकच धरून वाद घालतात.

पहिला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहा सूचींच्या चार झाल्या. पहिल्या दोन सूचींत संरक्षित प्राणी आहेत, त्यात फुलपाखरांची नावं बरीच. चौथी सूची सायटीस करारातल्या जातींची, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातल्या. भारत त्या करारात १९७६ पासून आहे. आपल्याकडे तिलारी-आंबोलीच्या बाजूला दिसणारं ते मोठं काळं-पिवळं सदर्न बर्डविंग फुलपाखरू, त्याची अख्खी प्रजाती सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे मेलेलं, वाटेवर पडलेलं, पंख फाटलेलं बर्डविंगसुद्धा परवान्याशिवाय सीमेपार जाऊ शकत नाही. ‘मी मारलं नाही, मेलेलं सापडलं’ हे उत्तर मी शंभर जणांकडून ऐकलं असेल. त्याने काही बदलत नाही. पहिल्या सूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. याखेरीज परदेशी व्यापाराच्या धोरणात वन्य प्राणी आणि त्यांचे भाग यांची निर्यात निषिद्ध आहे. शिक्षण, संशोधन आणि व्यवस्थापनासाठी कायद्यानुसार परवानगी घेऊन होणारे व्यवहार तेवढे त्यातून वगळलेले आहेत.

तुम्ही म्हणाल, माझे भुंगेरे सूचीत नाहीत. असतीलही तसे. माडाच्या शेंड्यात शिरलेला गेंडा भुंगा आपण तारेच्या आकड्याने ओढून काढतो, सोंड्या भुंग्यासाठी सापळे लावतो, कुणी विचारायला येत नाही. पण तोच भुंगा परदेशी माणसाला द्यायचा म्हटलं की दुसरा कायदा पुढे येतो, २००२ चा जैवविविधता कायदा. परदेशी नागरिकाला किंवा परदेशी संस्थेला भारतातलं जैविक साधन संशोधनासाठी किंवा व्यापारी वापरासाठी हवं असेल, तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. जैविक साधन म्हणजे वाघ आणि चंदन एवढंच नव्हे, तुमच्या पडवीतला भुंगेराही त्यातच आला. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, तिने तुरुंगवास काढून टाकला, पण त्या जागी १ लाखापासून ५० लाखांपर्यंत दंड आणला. तुमच्या संग्राहकाने छंदासाठी मागितलं की विकण्यासाठी, या वादात शिरू नका. तुम्ही पैसे घेतले आहेत.

तिसरा १९६२ चा कस्टम्स कायदा, आणि तुमच्या बाबतीत तोच सगळ्यात आधी टोचणार. जाणूनबुजून खोटं घोषणापत्र दिलं तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. चाळीस भुंगेऱ्यांच्या किमतीच्या पाचपट म्हणजे काय, असं मनात येईल. दंडाची रक्कम फार नसेलही. पण ‘हस्तकलेचं सुकं साहित्य’ हे तीन शब्द तुमच्या हाताने लिहिलेले आहेत, आणि पुढे वन्यजीव कायद्याखाली काही निघालं तर तेच शब्द म्हणतील की याला माहीत होतं. खरं नाव लिहिलं असतंत तर निदान अज्ञानाचं कारण सांगायला तोंड राहिलं असतं.

माल जप्त केला असेल तर साधारण सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस यायला हवी. ती मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. तोवर काय करायचं? एक, वाट पाहा आणि गप्प राहा असं मी सांगणार नाही, पण टपाल कचेरीत जाऊन रोज नवी हकिकतही सांगू नका. पार्सल अडकलं की आपल्या गावात सल्ला देणारे दहा जण उभे राहतात. कुणी म्हणतो तक्रार ठोक, कुणी म्हणतो मुंबईत आपला एक माणूस आहे. त्या ‘माणसा’ला एक रुपया देऊ नका. दोन, जिल्ह्याच्या ठिकाणचा फौजदारी वकील गाठा, शक्यतो वनखात्याची प्रकरणं चालवलेला, आणि त्याला पाकिटात नेमकं काय होतं ते खरं सांगा. तुमच्याकडे पाठवण्यापूर्वीचे फोटो असतील तर जातींची ओळख आधी तुम्हीच करून घ्या. सूचीतलं एकही नाव नसेल तर प्रकरण हलकं होतं, असेल तर वकिलाला ते आधी माहीत असलेलं बरं. तीन, मागाहून परवाना काढून पार्सल सोडवता येईल या आशेवर राहू नका. परवाना आधी, पार्सल नंतर, हाच क्रम सगळीकडे चालतो.

मित्राच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. गोव्यातून पाठवलं तरी देश तोच, कायदा तोच. मासिकाच्या पानांत दाबून पाठवणं म्हणजे चुकीच्या घोषणेच्या जागी लपवाछपवी. साधं पत्र टपालाच्या छाटणी यंत्रातून जाताना भुंगेऱ्याचा भुगा होतो, ही त्यातली सगळ्यात किरकोळ अडचण. पलीकडच्या माणसाचाही विचार करा. अमेरिकेत १९०० सालापासून लेसी कायदा आहे, मूळ देशाचा कायदा मोडून मिळवलेला वन्यजीव आयात करणं किंवा विकत घेणं हा तिथे गुन्हा ठरतो. २००८ साली दार्जिलिंगच्या बाजूला सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाजवळ दोन झेक नागरिक परवान्याशिवाय जमवलेल्या कीटकांसह पकडले गेले. त्यातला एक नामवंत कीटकशास्त्रज्ञ होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी पत्रं लिहिली, तरी दोघांनाही न्यायालयाने दोषी ठरवलं. विद्वत्तेचा उपयोग शिक्षा कमी होण्यापुरता झाला.

मग बाहेरच्या बाजारात फुलपाखरं राजरोस विकली जातात ती कुठली, असं तुम्ही विचारणारच. पापुआ न्यू गिनीत सरकारनेच १९७८ मध्ये बुलोलो गावी कीटकपालन आणि विक्रीची संस्था काढली. गावकरी बर्डविंगसाठी वेली लावतात, कोष सांभाळतात आणि विक्री संस्थेमार्फत होते. केनियात अराबुको-सोकोके जंगलाच्या कडेच्या गावांत १९९३ पासून किपेपेओ प्रकल्प आहे, तिथून फुलपाखरांचे जिवंत कोष युरोप-अमेरिकेतल्या फुलपाखरू उद्यानांना जातात. त्या देशांनी तशी वाट बांधली आहे. आपल्याकडे ती नाही. असायला हवी का, यावर माझं मत आहे: असायला हवी, निदान पाळलेल्या, सूचीबाहेरच्या जातींपुरती. आंबोली-दोडामार्गच्या पट्ट्यात काजू आणि रबराखेरीज जंगल राखून चार पैसे मिळण्याची एखादी वाट गावाला असेल तर जंगल जास्त टिकेल असं मला वाटतं. पण माझ्या मतावर कस्टम्सचा शिक्का बसत नाही.

इथवर खाजगी संग्राहकाचं झालं. पण हे उत्तर कॉलेजांतली, विद्यापीठांतली मुलंही वाचतील, आणि त्यांना खरोखर नमुने बाहेर पाठवण्याची वेळ येते. कारण साधं आहे. आपल्याकडच्या कितीतरी किड्यांना पहिलं नाव ज्या नमुन्यावरून दिलं गेलं, तो मूळ नमुना लंडनला किंवा युरोपातल्या दुसऱ्या एखाद्या संग्रहालयात आहे. आंबोलीच्या पठारावर सापडलेला भुंगेरा नवा आहे की जुनाच, हे त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय ठरत नाही. अशांसाठी आता जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, पाठवायची गरज आहे का हे तपासा. पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा जुना संग्रह आहे. शेतीतला किडा असेल तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, बंगळुरूला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा कीटक संसाधन ब्युरो आहे, दिल्लीला पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत राष्ट्रीय कीटकसंग्रह आहे. निम्म्याहून अधिक प्रश्न इथेच सुटतात. उरलेल्यांतही परदेशी तज्ज्ञाला बहुतेकदा किडा नको असतो, चांगले फोटो हवे असतात: वरून, बाजूने, जबडा, पाय, आणि नराच्या जननांगाचा स्वच्छ केलेला भाग. डीएनए इथेच वाचून घेता येतो. मूळ नमुना जिथे आहे तिथल्या संग्रहपालाला सभ्य भाषेत लिहिलं तर तोही त्याच्याकडचे फोटो पाठवतो. मी पाठवलेल्या विनंत्यांना फार क्वचित नकार आला.

तरी पाठवायचंच ठरलं, तर व्यवहार संस्था ते संस्था असू द्या, माणूस ते माणूस नको. वैयक्तिक पत्त्यावरून वैयक्तिक पत्त्यावर गेलेली किड्यांची पेटी कुणालाही व्यापाराचीच वाटते. जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी, किंवा केंद्र सरकारने मान्य केलेला सहयोगी प्रकल्प असेल तर त्याची कागदपत्रं आधी हातात हवीत. नमुने अभयारण्यातून किंवा राखीव क्षेत्रातून आणले असतील तर वनखात्याची मूळ परवानगी लागेल, आणि सिंधुदुर्गात आता हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. तिलारीचं संवर्धन राखीव क्षेत्र २०२० चं. आंबोलीच्या हिरण्यकेशीचा उगम, तिथल्या त्या इवल्याशा माशासाठी, जैवविविधता वारसा स्थळ झाला आहे. दहा वर्षांपूर्वी जिथे मोकळेपणाने जाळी फिरवली, तिथे आज परवानगी लागत असेल. सायटीसमधली जात असेल तर तो परवाना वेगळा. करारात नोंदणी झालेल्या शास्त्रीय संस्थांना आपसांत उसनवारीसाठी एका विशिष्ट लेबलाची सवलत आहे, पण दोन्ही टोकांच्या संस्था नोंदलेल्या असाव्या लागतात. अर्ज पेटी बांधायच्या आधी काही महिने करा. नवी जात जाहीर करणार असाल तर तिचे नमुने भारतातल्या अधिकृत भांडारात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. प्राणी सर्वेक्षण त्यातलंच एक.

घोषणापत्रावर काय लिहायचं? टपालाचे दोन नमुने असतात, कमी किमतीसाठी सीएन २२ आणि जास्त किमतीसाठी सीएन २३. किड्यांसाठी किंमत कमी असली तरी मी सीएन २३ भरत असे, कारण त्यावर लिहायला जागा आहे. ‘सॅम्पल’ लिहू नका, ‘गिफ्ट’ लिहू नका. मेलेले, सुकवलेले कीटक, शास्त्रीय अभ्यासासाठी, अमुक संस्थेची उसनवारी, इतके नग, शास्त्रीय नाव अमुक, भारतात अमुक जिल्ह्यात जमवलेले, असं सरळ लिहा. जात माहीत नसेल तर कुळापर्यंत तरी लिहा. शुल्काच्या यादीत प्राणिशास्त्रीय संग्रहासाठी ९७०५ हे शीर्षक आहे, ते घाला. २०२२ च्या बदलानंतर त्यात नामशेष किंवा संकटग्रस्त जाती आणि इतर असे वेगळे उपशीर्षक आहेत, तिथे चुकीचा आकडा पडला तर तुम्हीच तुमचा नमुना संकटग्रस्त म्हणून जाहीर करता. किंमत शून्य टाकू नका. शून्य पाहिलं की माणसाला शंका येते. एक किरकोळ रक्कम टाका आणि ‘केवळ कस्टम्ससाठी, विक्रीमूल्य नाही’ असं जोडा. परवान्यांच्या प्रती, संस्थेचं पत्र आणि यादी बाहेरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, एक संच आत ठेवा, मूळ प्रती स्वतःकडे ठेवा. आणि मुख्य म्हणजे पेटी निघण्याआधी पलीकडच्या संस्थेला सगळे कागद मेलने पाठवा. अमेरिकेत वन्यजीव खात्याचा ३-१७७ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पेटी ठरावीक बंदरांवरूनच आत जाते. तो फॉर्म भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, पण त्याला आधी कळवलं नाही तर तो भरणार कसा?

पॅकिंगवर लोक प्रेमाने वेळ घालवतात आणि नेमकी एक गोष्ट विसरतात: ही पेटी कुणीतरी अनोळखी माणूस उघडणार आहे. आतली पेटी पारदर्शक झाकणाची असली तर त्याला झाकण न काढता पाहता येतं. निम्मे भुंगेरे मिशा गमावतात ते विमानात नव्हे, तपासणीच्या टेबलावर. जड भुंगेऱ्याला दोन्ही बाजूंनी आडव्या टाचण्या लावा, नाहीतर एक सुटला की तो पेटीभर गोट्यांसारखा फिरतो आणि बाकीच्यांची वाट लावतो. आतल्या पेटीभोवती चारही बाजूंनी निदान चार बोटं मऊ भरण हवं. डांबरगोळ्या मात्र घालू नका. जुनी सवय आहे, संग्रहालयांत वर्षानुवर्षं तेच केलं, पण नॅप्थलीन हवाई वाहतुकीच्या नियमांत ज्वालाग्राही घन पदार्थात मोडतं. पेटीला वास आला की ती बाजूला निघते.

स्पिरिटमधले नमुने, म्हणजे डीएनएसाठी अल्कोहोलात ठेवलेले पाय वगैरे, हा आणखी घोळाचा भाग. हवाई वाहतुकीत यासाठी ए १८० नावाची विशेष तरतूद आहे. एका कुपीत ३० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नको, कुपी बंद पिशवीत, ती पुन्हा शोषक कागदासह दुसऱ्या बंद पिशवीत, मग मजबूत पेटीत, आणि सगळं मिळून एक लिटरच्या आत. बाहेर तशी नोंद करायची. एवढं केलं तरी टपालाच्या खिडकीवर ‘अल्कोहोल आहे’ म्हटल्यावर नकार येऊ शकतो. संस्थेचा करार असलेला कुरियर त्यासाठी बरा. मी तर बहुतेकदा अल्कोहोल ओतून टाकून, नमुना ओलसर टिशूत गुंडाळून पाठवणं पसंत करीत असे. जिवंत किडे टपालाने पाठवायचा विचारही नको. जागतिक टपाल करारात मधमाश्या, रेशमाचे किडे, जळवा, आणि मान्यताप्राप्त संस्थांनी एकमेकांना पाठवलेले उपद्रवी किड्यांचे शत्रू वगैरे मोजके अपवाद आहेत, बाकीच्यांना मज्जाव.

कोकणात आणखी एक भानगड आहे, दमट हवा. जून ते सप्टेंबर इथे सुकवलेला किडा सुकलेला नसतो. बोटाला कोरडा लागतो, पोटात ओल असते. पेटी मुंबईच्या गोदामात तीन आठवडे थांबली की पांढरी बुरशी पंखांवर चढते. पावसाळ्यात पाठवू नका, आणि पाठवायचंच तर दिव्याच्या उबेत सुकवून, पेटीत सिलिकाच्या पुड्या टाकून पाठवा. त्याहून मोठा धोका संग्रह खाणाऱ्या किड्यांचा. पाठवण्याआधी आठ-दहा दिवस पेटी उणे २० अंशांच्या डीप फ्रीजमध्ये ठेवा. संग्रह कुरतडणाऱ्या त्या केसाळ अळ्या ज्या कुळातल्या, त्याच कुळातला धान्य खाणारा खापरा भुंगेरा. त्याच्या नावाने अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचे क्वारंटाइनवाले दचकतात. तुमच्या पेटीत एक जिवंत केसाळ अळी सापडली, तर ती कुठली हे ठरेपर्यंत पेटी उसनवारीची राहत नाही, संशयित होते. देवगड-रत्नागिरीच्या माणसाला हे जास्त समजावं लागू नये. फळमाशी सापडली म्हणून युरोपने १ मे २०१४ पासून आपला हापूस बंद केला होता, तो पुढच्या वर्षी खुला झाला.

कस्टम्सवाल्यांना शिव्या देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा माणूस १८७६ पासून मुंबई सरकारच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात होता. उरण, कारवारची बाजू, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी अशा त्याच्या बदल्या झाल्या. नाक्यांवर पहारा ठेवता ठेवता तो फुलपाखरं पाहायचा. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्यांत तो होता, आणि उत्तर कॅनरातल्या फुलपाखरांची यादी करण्यात त्याचा हात होता. गोव्याच्या सरहद्दीवर त्याला सापडलेल्या एका डासाला त्याचं नाव मिळालं, अ‍ॅनॉफेलिस एटकेनी. म्हणजे या किनाऱ्यावरच्या किड्यांचा अभ्यास ज्यांनी सुरू केला, त्यांतला एकजण त्याच खिडकीच्या पलीकडे बसणारा होता. आजही तिथे कुतूहलाने पेटी पाहणारे अधिकारी मला भेटले आहेत. कागद नीट असतील तर ते प्रश्नही चांगले विचारतात.

आता पैशांचं. आलेली रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत करा, आणि परत केल्याची नोंद ठेवा. संग्राहकाला एक सरळ मेल लिहा की भारतातून नमुने पाठवता येत नाहीत, पार्सल कस्टम्सकडे आहे आणि व्यवहार इथेच थांबवतो. आधीचे मेल किंवा मेसेज पुसू नका. पुसलेलं परत निघतं, आणि ते पुसलं होतं हेही निघतं. वकिलाकडे जाताना ते सगळं छापून न्या.

आणि तुमच्या घरी अजून पेट्या असणार, हे मी गृहीत धरते. त्यात सूचीतलं काही आहे का ते आधी फोटोंवरून ओळखून घ्या. बटरफ्लाइज ऑफ इंडिया आणि मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर फोटो ताडून पाहता येतात. असं काही आढळलं तर त्या पेटीला हात लावण्याआधी वकिलाशी बोला. बाकीच्या प्रत्येक नगाला गाव, तारीख, कसा सापडला आणि जमवणाऱ्याचं नाव असं लेबल आजच लिहा, शिसपेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने, आठवण ताजी आहे तोवर. लेबल नसलेला भुंगेरा शास्त्राच्या दृष्टीने कचराच. लेबल असलेले, कुडाळच्या एकाच बागेत वर्षानुवर्षं दिव्यावर आलेले भुंगेरे मात्र आकुर्डीच्या केंद्राला किंवा दापोलीच्या विद्यापीठाला उपयोगी पडू शकतात, कारण एकाच जागेची अशी सलग नोंद फार कमी लोकांकडे असते. त्यांना आधी यादी आणि फोटो पाठवा. नमुने ते मागतील तेव्हाच, आणि तेही टपालाने पाठवण्यापेक्षा स्वतः नेऊन द्या.